वांग्याच्या रोपांचा क्यूआर

सोनाळ्याला माझ्या मावशीची रोपवाटिका आहे. वांगी, मिरची, टमाटे. गिऱ्हाईक रोपं घेऊन जातं आणि लावणीच्या वेळी तेच तेच विचारायला फोन करतं. म्हणून दिवाळीत गेले तेव्हा मी तिला एक वेबपान करून दिलं. चौकटीत मजकूर लिहायचा, की ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट खाली लगेच क्यूआर काढते. मी माझं नाव इंग्रजीत टाकून पाहिलं, स्कॅन झालं. "झालं मावशी," म्हटलं आणि लॅपटॉप मिटला.

मावशीने दोन बोटांनी प्रत्येक वाणाची माहिती लिहिली. पाणी कधी, खत कधी, अंतर किती. नांदुऱ्याहून स्टिकर छापून आणले आणि सगळ्या ट्रेंना चिकटवले.

पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा मी तिथेच होते. धामणगाव बढ्याचे एक काका. मावशीने हौसेने त्यांच्याकडून स्कॅन करवलं. काका मोबाईल लांब धरून म्हणाले, "बाई, पाच, मंग बाण, मंग ते इमेलमधलं गोल ए... हे वांगं होय?"

त्यांच्या मागे उभे असलेले दोघं हसले. मावशीचा चेहरा उतरला. "माह्याच हातानं चुकलं असन. मले कुठं टायपिंग येते!"

तिचं काहीच चुकलं नव्हतं. मी उचललेली आयती लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला कोड, दर अक्षराला एकच बाइट, इंग्रजी अक्षरापुरती जागा, देत होती. मराठी अक्षराला तीन लागतात, म्हणून प्रत्येक अक्षर तुटून भलतंच चिन्ह उमटत होतं. मजकूर आधी यूटीएफ-८ या सगळ्या लिप्यांना चालणाऱ्या संकेतात बदलायला हवा, हे रोज ऑफिसात कोड लिहिणाऱ्या मला झोपेतही सांगता येतं. पण मावशी मराठीत लिहील, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्या कुठल्या भाषेत लिहिणार होती ती?

"चूक माझी आहे, काका," मी म्हणाले. कान तापले होते. मावशीकडे बघवेना.

"तुह्यी? काऊन वो?" मावशीने विचारलं.

"मी मराठीत करून पाहिलंच नाही."

"मंग आता पाह्य," मावशी एवढंच बोलली आणि काकांना रोपं द्यायला वळली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

दुरुस्ती एका ओळीची होती. स्टिकर मात्र नखाने खरवडून काढावे लागले. मी एकटीच काढते म्हटलं, तर मावशी शेजारी येऊन बसली आणि मिरचीच्या ट्रेपासून सुरुवात केली.