आक्कांनी एकदाच सांगितलं होतं

तासगावात आमच्या गल्लीतल्या तान्ह्या बाळांना न्हाऊ घालायला आक्का यायच्या. बाळ कितीही रडलं तरी त्यांच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नसे. पायांवर बाळ आडवं घेतलं की पाणी ओतण्याआधी त्या त्याला टाळूपासून टाचेपर्यंत चाचपून बघत. बाजारात आपण वांगी बघतो तसं. नव्या आयांना राग यायचा, मग सवय व्हायची.

आमच्या विराजलाही त्यांनी पहिल्या दिवशी असंच पाहिलं आणि दारात उभ्या असलेल्या मला म्हणाल्या, "उजवीकडली गोटी खाली आल्याली न्हाई. सा म्हैन्यात आली तर ठीक, न्हाईतर सांगलीला दावून आण."

माझी आई तिथंच होती. "आवं आक्का, गड्यामाणसासमोर काय बोलताय?"

"मग कुणासमोर बोलू? बाप हाय त्यो," म्हणत आक्कांनी पहिला तांब्या ओतला.

सहा महिने झाले, गोटी आली नाही. तेव्हा आमच्या शेडवर द्राक्षं वाळत होती. बेदाणा निघाला की जाऊ, असं मी बायकोला सांगितलं. बेदाणा निघाला. मग ऊन फार होतं. मोठा झाला की आपोआप येतंय, असं आई म्हणायची, आणि मला ते सोयीचं होतं.

नवव्या महिन्यात एका सकाळी विराज उलट्या करत रडू लागला. जवळच्या दवाखान्यातून पोटदुखीचे थेंब मिळाले. दुपारपर्यंत रडं थांबेना, तेव्हा बायकोनं आक्कांना बोलावलं. त्यांनी लंगोट सोडला. उजव्या जांघेत सुपारीएवढी लाल गाठ होती. हात लागताच पोरगं किंचाळलं.

"ह्ये पोटाचं न्हाई. गाडी काढ."

मी म्हणालो, कपडे बदलून येतो.

"तसाच चल. तुला कोण बघाय येतंय?"

सांगलीच्या सर्जननी लगेच ऑपरेशनला घेतलं. बाहेर आल्यावर त्यांनी समजावून सांगितलं. वर अडकलेलं वृषण स्वतःभोवती पिळलं होतं, रक्त बंद होऊन काळं पडलं होतं. काढावं लागलं. डावं चांगलं होतं. ते कधी पिळू नये म्हणून टाके घालून पक्कं केलं होतं. "सहा महिन्यांचा असताना आणला असता तर..." ते म्हणाले.

आक्का बाकावर बसून होत्या. त्यांना सगळं सांगून मी मान खाली घालून उभा राहिलो. त्यांनी झाडलं असतं तर बरं वाटलं असतं.

"माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "एकदाच सांगितलं मी. मागं लागाय पायजे हुतं." आणि पदरानं डोळे पुसले. त्यांना रडताना मी तेवढंच पाहिलं.

गेल्या वर्षी आक्का गेल्या. विराज दुसरीत आहे, धडधाकट आहे, कुणाचं ऐकत नाही. आता बारशाला गेलो की मी बाळाच्या बापाला बाजूला घेऊन विचारतो, पोराच्या दोन्ही गोट्या खाली आल्यात का. बायको लांब जाऊन उभी राहते. मागच्या महिन्यात पाटणला साडूला विचारलं, तर तो हसला आणि जेवायला चला म्हणाला.

तो आत जाऊन बघून येईपर्यंत मी पानावर बसलो नाही.