बाजेच्या उंचीवर

गोंदियाच्या बसवर बाबांनी माझी ट्रंक चढवली आणि खिडकीशी येऊन उभे राहिले. तेवढ्यात खाणीतला मँगनीजचा ट्रक धूळ उडवत गेला. तोंडावरचा दुपट्टा काढत ते म्हणाले, "दिल्लीची हवा लय खराब हाय म्हणतेत. तुले काय पोरी, तू तं सराव करूनच चालली!" अख्खी बस हसली. रडायचं राहूनच गेलं.

दिल्लीत मी धुळीचंच काम करते. खाणपट्ट्यांसाठी सरकारी नियम ठरतात, तेव्हा हवेतली धूळ मोजणाऱ्या यंत्रांचे आकडे तपासून त्यांतून काय निघतं ते समितीला सांगायचं. एसी हॉल, बिस्किटं, प्रोजेक्टर. एकदा पडद्यावर आपलं गाव आलं, हिरव्या रंगात. हिरवं म्हणजे हवा ठीक.

यंत्र पंचायतीच्या छपरावर होतं. छपरावर कोण झोपतं? उन्हाळ्यात आपल्या बाजा रस्त्यालगत निघतात, वारा तिथंच लागतो म्हणून. ट्रकही तिथूनच जातात. सकाळी गोधडी झटकताना आई ओरडायची, "तोंड बंद ठेवा, नाहीतं नाश्ता होऊन जाईन!"

मे महिन्यात मी दुसरं यंत्र घेऊन घरी गेले आणि बाजेशेजारी, उशीच्या उंचीवर लावलं. शेजारच्या शांतामावशी बघायला आल्या.

"कूलर आणला का वं?"

"नाही मावशी, हे हवा देत नाही, मोजते."

"मंग काय कामाचं!"

त्याच रात्री छपरावर हिरवं, बाजेजवळ लाल.

दिल्लीत हे आकडे मांडले, तेव्हा समितीतले एक साहेब गोड हसले. "मैडम, अपना गाँव है, इसलिए आप भावुक हो रही हैं।" हे येणार हे माहीत होतं. म्हणून जिथं माझं कोणीच नाही अशी त्याच पट्ट्यातली गावंही मोजून ठेवली होती. तिथंही खाली लाल. यंत्र माणसं झोपतात त्या उंचीवर लावावं, हे कलम आता मसुद्यात आहे, पण कंसात. म्हणजे पुढच्या बैठकीत उडवायची सोय. उडवलं तर माझा विरोध नावानिशी नोंदवा, असं मी सांगून आले आहे.

गावातल्यांनो, यंत्र बाजेजवळून हलवू देऊ नका. आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांनो, 'आपल्याकडची हवा किती शुद्ध' हे मेसेज पाठवणं बंद करा.

घराबद्दल बोललं की माझं विज्ञान कच्चं ठरतं, असं समितीतल्या साहेबांचं म्हणणं. निष्पक्ष दिसण्यासाठी घर सोडावं लागत असेल, तर ते मी एकदा सोडलंय. दुसऱ्यांदा सोडणार नाही.