एडमंटनच्या पायऱ्यांवरचा सडा

असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. नागपुरात आमच्या कॉलनीत कुणाच्या अंगात आलं की मी हसू दाबायला घरात पळायचे. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय… पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी कॅनडात, एडमंटनला एका बेसमेंटमध्ये भाड्याने राहते. कॉलेज संपवून आता एका गोदामात स्टॉकचं काम बघते. माझा नवरा विवेक मात्र नागपुरातच आहे. तो पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम घरून करतो. लॅपटॉप आणि इंटरनेट असलं की त्याने नागपुरात बसावं की माझ्या बेसमेंटमध्ये, कंपनीला काही फरक पडत नाही. फरक पडतो तो आम्हाला.

माझ्या नोकरीवर त्याला स्पाउस परमिट मिळत नाही. मग एका मैत्रिणीने सुचवलं, "अगं, डिजिटल नोमॅड म्हणून अप्लाय करा ना!" कॅनडात त्याचा असा वेगळा व्हिसा नाही. व्हिजिटर म्हणून यायचं आणि आपल्या बाहेरच्या कंपनीचं काम करत सहा महिन्यांपर्यंत राहायचं. सहा महिने! लग्नानंतर आम्ही सलग तेवढेही एकत्र राहिलेलो नाही.

एकदा नकार आला होता, या हिवाळ्यात पुन्हा अर्ज केला. आणि मी वेडीने सेलमध्ये त्याच्या मापाचे विंटर बूट घेऊन दाराच्या आत मांडूनही ठेवले. रोज त्या बुटांकडे बघत जेवायचे.

आता विवेकची एक सवय सांगायला हवी. सासूबाई गेल्यापासून दारात सडा तोच टाकतो. उठलं की अंगण झाडायचं, बादलीतलं पाणी हाताने शिंपडायचं, मगच चहा. तेही बनियान-टॉवेलवर आणि अनवाणी! शेजारच्या काकू त्याला 'सूनबाई' म्हणतात, पण हा पठ्ठ्या ऐकून सोडून देतो. तिथली सकाळ म्हणजे इथली आदली संध्याकाळ, त्यामुळे मी कामावरून परतते तेव्हा तो बादली भरत असतो.

फेब्रुवारीतली गोष्ट. तापमान उणे वीस. बसमधून उतरले तेव्हा अजून थोडा उजेड होता. माझं दार घराच्या बाजूला, तीन पायऱ्या उतरून. सकाळी फावड्याने बर्फ काढायचा कंटाळा केला होता, म्हणजे पायऱ्यांवर ढीगभर बर्फ असणार… पण पायऱ्या लख्ख झाडलेल्या! आणि त्यांवर गोठलेले पाण्याचे थेंब. अर्धगोलात, हाताने शिंपडल्यावर पडतात तसेच.

मी जागच्या जागी थिजले. इथे मुरलेला माणूस हिवाळ्यात दारात पाणी टाकेल का? पाय घसरून कंबरडं मोडायचं! ही चूक भारतातून नव्याने आलेलाच करणार.

तेवढ्यात वरून घरमालक अंकल बर्फ वितळवायला मिठाची पिशवी घेऊन आले. लुधियान्याचे आहेत, फार प्रेमळ, पण त्या दिवशी तापलेले.

"बेटा, हस्बंड आ गया और बताया भी नहीं?"

"कौन हस्बंड, अंकल? उसका तो व्हिसा ही नहीं आया."

"तो वो कौन था? अभी खिडकी से देखा. बाल्टी लेके, बनियान और टॉवेल में! नंगे पाँव! मैं जॅकेट पहन के नीचे आया, तब तक अंदर चला गया. उसको समझाओ, यहाँ पानी नहीं डालते."

दाराला कुलूप होतं. आत फक्त बूट होते, मी ठेवले तसेच.

विवेकला फोन लावला. त्याने लगेच उचलला.

"काय करून राहिला?"

"आत्ताच सडा टाकला. अगं, आज काय झालं माहीत नाही, पाय पार बधिर झाले. चुलीपाशी बसल्यासारखा गॅसपाशी बसलो आहे. आणि पाणी जमिनीवर पडलं की वाजत होतं, बाप्पा! काचेसारखं."

"आणि?"

"आणि काय… तू दार उघडशील असं वाटून राहिलं होतं. येडाच आहे मी."

मी नुसती रडले, तोही काही विचारत बसला नाही.

अंकलनी मीठ टाकण्याआधी मी खालच्या पायरीवर वाकले. एका थेंबात काहीतरी पिवळं दिसत होतं. चमच्याने तो खरवडून काढला. आत कडुनिंबाचं पान होतं. आमच्या अंगणातल्या झाडाची त्या दिवसांत पानगळ असते. एडमंटनमध्ये कडुनिंब कुठून येणार, तुम्हीच सांगा. ते पान अजून माझ्या फ्रीजरमध्ये आहे, पोळ्यांच्या पाकिटामागे.

महिन्याभराने निकाल आला. पुन्हा नकार. कारण तेच: मुदत संपल्यावर अर्जदार परत जाईल, याची त्यांना खात्री वाटत नाही. विवेकने फोनवर वाचून दाखवलं आणि मला रडता रडता हसू फुटलं. परत जाईल की नाही म्हणे! आला होता की तो. आणि दार बंद दिसल्यावर मुकाट्याने परतही गेला.

हे काय होतं, मला आजही माहीत नाही. अंकलना भास झाला म्हणावं, तर पान कुठून आलं? विवेकशी त्या संध्याकाळबद्दल मी पुन्हा बोलले नाही, आणि पान तर त्याला दाखवलेलंच नाही. पुढचा अर्ज तयार होतोय.

तोवर ते बूट मी दाराबाहेर, वरच्या पायरीवर ठेवते. अंकल ओरडतात, "बेटा, कोई पहन के चला जाएगा!"

मी म्हणते, "इसीलिए तो रखे हैं, अंकल."