शैलाताईंचा संताप

संगणकाच्या पडद्यावर आलेली प्रत्येक सूचना शैलाताई शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचायच्या. आम्ही न वाचताच 'ओके' दाबलं की भडकायच्या. "अरे, पढ़ो तो सही! कशाला हो म्हणालास ते तरी बघ."

उज्जैनच्या एका कॉलेजात त्या भौतिकशास्त्र शिकवत. घरोघरी इंटरनेट नुकतंच येत होतं, तेव्हा त्या, मी आणि आमचे सहकारी देवधर, अशा तिघांनी मराठी-हिंदी टायपिंगचं सॉफ्टवेअर तयार केलं. कुणीही फुकट घ्यावं, आतला कोड उघडून पाहावा, हवा तसा बदलावा. वेबसाइट देवधर सांभाळत.

एकदा वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपली. साइट खरोखर आमचीच आहे, याची ग्वाही तेच देतं. लोकांना धोक्याचा इशारा दिसू लागला. देवधरांना नवं प्रमाणपत्र घ्यायला सवड नव्हती. त्यांनी साइटवर लिहून टाकलं, 'इशारा आल्यास घाबरू नये. पुढे जावे.'

शैलाताई माधव नगरहून तडक त्यांच्या घरी आल्या. मी तिथेच होतो.

"तुम्ही लोकांना डोळे मिटायला शिकवताय! उद्या कुणी आपल्या नावाने दुसरी साइट उघडली तर?"

"ताई, फुकटच्या वस्तूची नक्कल कोण करतंय?"

"फुकट आहे म्हणून काहीही चालेल?"

ओळ तशीच राहिली. आणि नक्कल झाली. हुबेहूब आमच्यासारखी साइट, सॉफ्टवेअरमध्ये व्हायरस. नानाखेड्याच्या वसुधाबाईंचा संगणक त्यात पुसला गेला. माळव्यातल्या म्हाताऱ्या बायकांची गाणी टेपवरून त्या संगणकावर टाइप करून घेत आणि त्याच टेपवर पुढची गाणी भरत. मूळ आवाजही उरले नव्हते.

शैलाताई मला घेऊन त्यांच्याकडे गेल्या. वसुधाबाई शांतपणे म्हणाल्या, "इशारा आला होता हो. पण पहिल्यांदा तुमच्याच साइटवर वाचलं होतं ना, घबराने की बात नहीं."

 

त्याच दिवशी शैलाताईंनी साइटवर झाला प्रकार लिहिला, माफी मागितली. देवधरांनी तो मजकूर काढला. म्हणाले, "बदनामी होईल."

"होऊ द्या! त्या बाईची गाणी गेली, आणि तुम्हाला नावाची पडलीये?"

तिथून त्या उठल्या त्या कायमच्या. पुढची कित्येक वर्षं सुट्टीच्या दिवशी त्या वसुधाबाईंबरोबर बसने गावं फिरल्या, गाणी पुन्हा गोळा करत. काही बायका तोवर गेल्या होत्या.

शैलाताई गेल्या, तेव्हा देवधरांनी साइटवर त्यांचा हार घातलेला फोटो लावला. खाली लिहिलं, 'आमच्या विश्वासाचा आधार.' मी फोन करून तो काढायला सांगितला.

"अरे, माणूस गेलं. आता कसला राग?"

"त्या गेल्या, राग गेलेला नाही," मी म्हणालो. "फोटो काढा."