मूठभर डीएपी

त्यांचा उजवा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला, की आमच्या गल्लीतल्या बायका कुंड्या उचलून घरात पळायच्या.

खिशात डीएपी असे. पेरणीच्या वेळी शेतात देतात ते खताचे करडे दाणे. त्यातच थोडी बडीशेपही असे. त्यामुळे जेवणानंतर त्यांनी पुढे केलेली बडीशेप अख्ख्या रिसोडात कोणी घेत नसे. फाटकाशी थांबायचे, आपल्या कुंडीकडे कळवळून बघायचे आणि मूठभर दाणे मातीवर सोडून म्हणायचे, "खाऊ द्या, बाई, खाऊ द्या. उपाशी हाये ते." माझी अबोली अशीच खाऊन खाऊन मेली. शेजारच्या मोगऱ्यानेही पाठोपाठ मान टाकली. त्यावर यांचा निकाल तयार होता, "उशीर झाला देयाले. आदी देल्लं असतं तं वाचला असता."

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. माणूस वाईट नसतो, हीच खरी अडचण. वाईट माणूस येताना दिसला तर फाटक लावून घेता येतं.

केनवडला त्यांचं कृषी केंद्र होतं. जन्मभर पोत्यांनी खत विकलं, त्यामुळे चिमूट नावाचं माप त्यांना ठाऊकच नव्हतं. दुकान पुतण्याच्या हवाली करून ते रिसोडला राहायला आले, तेव्हा केनवडचे शेतकरी सुटले आणि आम्ही सापडलो. गल्लीत पाठीमागे त्यांना 'डीएपी'च म्हणत. ते नाव मी ठेवलेलं नाही, पण मी शाळेत बाई होते, म्हणून संशय माझ्यावरच होता.

माणसांनाही ते तसंच खायला घालत. त्यांच्याकडे जेवायला गेलात तर ताटावर हात आडवा धरून उपयोग नसे, वरण हातावर पडे. बायको होती तोवर ती 'बस करा आता' म्हणून त्यांच्या हातातला डाव काढून घ्यायची. ती वारली आणि डाव काढून घेणारं कोणी उरलं नाही. सगळा मारा एकुलत्या एका मुलीवर सुरू झाला.

मुलगी नागपूरला शिकत होती. हे तिच्या होस्टेलवर तुरीच्या डाळीचं पोतं घेऊन गेले. तिथे स्वयंपाक करायची सोय नव्हती, ही बारीकसारीक गोष्ट. नोकरी लागल्यावर सकाळी फोन, दुपारी फोन, रात्री "जेवली का?" म्हणून फोन. लग्न झालं तर थेट तिच्या सासरी जाऊन सासूबाईंना सांगून आले, "पोरगी वाळून राह्यली तुमच्या घरी. दूध वाढवा तिचं." सासूबाई काय म्हणाल्या ते त्यांनी गल्लीत कधी सांगितलं नाही. मुलीने मात्र फोनवर सांगितलं, "बाबा, आता पुरे. मला जरा मोकळं सोडा." त्यानंतर तिचं येणं थांबलं. दिवाळी गेली, लेकी माहेरी येतात ती आखाजीही कोरडी गेली, उन्हाळा सरला.

मग एक दिवस नागपूरहून येणाऱ्या कोणाच्या तरी गाडीतून तिने एक कुंडी पाठवली. अँथुरियम. घरात ठेवायचं झाड, लाल फुलाचं. फोनवर म्हणाली, "खिडकीशी ठेवा, बाबा. त्याला फार काही लागत नाही. फूल आलं की सांगा, मी बघायला येईन."

यातलं मधलं वाक्य त्यांना ऐकूच आलं नाही.

"फूल आलं का पोरगी येते, बाई," असं त्यांनी मला त्याच संध्याकाळी येऊन सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून बैठकीत शेती सुरू झाली. खुरप्याने माती मोकळी करून आधी एक मूठ. पंधरवड्याने दुसरी. सोयाबीन फुलावर यायच्या वेळी टॉनिक फवारतात, म्हणून एका सकाळी पाठीवर फवारणीचा पंप बांधून, तोंडाला उपरणं गुंडाळून हे टीव्हीसमोर उभे! समोर एक कुंडी. भिंतीवरच्या बायकोच्या फोटोवरही टॉनिक उडालं. गल्ली महिनाभर हसली. "आलं का फूल?" असं येता-जाता विचारायची टूम निघाली, आणि विचारणाऱ्यांत मी सगळ्यांच्या पुढे होते.

पानं मात्र अशी माजली, की सुपाएवढी झाली. फुलाचा पत्ता नाही. पुढे मातीवर मीठ सांडल्यासारखा पांढरा थर चढला, पानांचे शेंडे करपले.

"भुकेजलं ते," ते म्हणाले.

"भाऊ, अजीर्ण झालं त्याले. चार दिवस सोडा ना त्याले तसंच."

"सोडून कसं जमन, बाई? लेकरू उपाशी ठिवून म्या जेवू?"

"मंग पाट मांडा त्याले जेवाले," मी म्हटलं. त्यांना त्यातला टोमणा कळला नाही. पाट कुठे ठेवलाय ते आठवत असावेत.

आणि एक दिवस कळी आली. पानांच्या मधून गुंडाळलेलं, तांबूस, टोकदार काहीतरी वर निघालं होतं. त्यांनी मुलीला फोन केला, गल्लीभर सांगत फिरले, घराला चुना मारून घेतला, तिच्यासाठी धापोड्यांचं वाळवण घातलं. मी जाऊन बघितलं. मला शंका आली, पण त्यांचा चेहरा बघून मी गप्प बसले. आठ दिवसांनी ती कळी उलगडली आणि तिचं पान झालं. मोठं, तकतकीत, निरोगी पान. ते त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले होते. त्या दिवशी गल्लीत कोणी "आलं का फूल?" विचारलं नाही. मीही नाही.

पुढच्याच आठवड्यात ते बैठकीत चक्कर येऊन पडले. हातात खुरपं तसंच होतं. फोन मीच केला. ऊन उतरायच्या आत मुलगी नागपूरहून येऊन दारात उभी. तिला बघून ते खाटेवर उठून बसायला धडपडले आणि ओशाळून म्हणाले, "अजून फूल नाही आलं वं, माय."

"मी फुलासाठी नाही आले, बाबा."

"मंग कायले आली?"

त्यांना खरोखरच कळत नव्हतं. मुलगी तोंड फिरवून रडली, आणि मी चहा ठेवायच्या निमित्ताने आत गेले.

ती त्यांना नागपूरला घेऊन गेली. कुंडी माझ्याकडे आली, सोबत डीएपीचा डबा. गाडीच्या खिडकीतून हात काढून त्यांनी मला मूठ दाखवली, "एवढं, बाई. कंजुसी करू नका."

डबा मी माळ्यावर टाकला. कुंडी मोरीत ठेवून तिच्यातून भरपूर पाणी वाहू दिलं, साचलेलं खत धुऊन काढलं आणि तिला खिडकीशी ठेवून विसरून गेले. थंडीच्या तोंडावर फूल आलं. लाल, तेल लावल्यासारखं चमकणारं, प्लास्टिकचं वाटावं असं. एवढ्या मारामारीनंतर जरा बरं दिसायला हवं होतं.

फोटो पाठवल्याबरोबर त्यांचा फोन आला. आवाज पार खाली गेला होता.

"काय टाकलं, बाई?"

जन्मभर मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं. "तुमचंच, भाऊ. डब्यातलं, मूठभर."

"मंग! म्या काय म्हनून राह्यलो होतो?" आवाज एकदम दुकानातला झाला. पलीकडे ते मुलीला ओरडून सांगत होते, "आयकलं का वं? मूठभर!"

ते परत आले नाहीत. उन्हाळा लागायच्या आधी नागपूरलाच वारले. घराची आवराआवर करायला मुलगी आली, तेव्हा माझ्या खिडकीशी बसून कुंडीकडे बघत होती. म्हणाली, "त्या फोननंतर उठून फिरायला लागले होते, काकू. भिंत धरून खाली जायचे आणि सोसायटीतल्या सगळ्या कुंड्यांना खत घालायचे. सगळ्या कुंड्या त्यांच्या आधी गेल्या. लोक वर भांडायला यायचे."

मला हसू आवरेना. "पण डीएपी कुठून आणलं गं त्यांनी? डबा तर माझ्या माळ्यावर आहे."

तिने पानावरची धूळ पदराने पुसली.

"मीच आणून द्यायची. रोज सकाळी त्यांच्या खिशात भरून ठेवायची."