मुन्शीची परात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. गायकवाड बाईंचा कुत्रा पंधरवडाभर माझ्याकडे होता, तेव्हा त्याला मी एक घासही हातानं भरवला नाही. बाईंनी विचारलं तेव्हा मात्र म्हणालो, "भरवला ना. तुम्ही सांगितलं तसाच."

बाई बजाजनगरात आमच्या शेजारी राहायच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. गंगापूरकडची त्यांची जुनी पोरं अजून त्यांचं नाव निघालं की नकळत तळहात चोळायची, अशी त्यांची छडी. मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते ओट्यावर मांडी घालून बसलेलं. पुढ्यात परात, परातीत दुधात कुस्करलेली भाकरी, वर उकडलेल्या अंड्याचे तुकडे. समोर एक पिवळं गावठी कुत्रं. सगळ्या गल्लीच्या दारांत हजेरी घेत फिरायचं म्हणून त्याचं नाव मुन्शी. "बस," म्हणायच्या. बसलं की एक घास. "ये." आलं की एक घास. परात रिकामी झाली की शाळा सुटली.

"बाई, त्याला ताटली नाही का?" मी विचारलं.

"ताटली कशाला? दोन टाइमचं जेवण तर द्यायचंच हाय. मग ते शिकवल्याबिगर वाया का घालवू? वरून बिस्किटं चारायची आन् पोट बिघडवायचं, ते आपल्याला नाय जमत."

समोरचे कदम फाटकात उभं राहून बघायचे. "बाईंनी सर्कस काढली. तिकीट केवढ्याला?"

"तुम्हाला माफ. तुमच्या वाघ्याला घिऊन या. त्याची भाकरी आणा, काठी तेवढी घरी ठेवा."

चेष्टेचेष्टेत कदम खरंच आणू लागले. कदमांचा हात वर झाला की खाटेखाली शिरणारा वाघ्या, त्याच हातातून भाकरी खायला शिकला.

एका संध्याकाळी बाई आपणहून म्हणाल्या, "उभी नोकरी छडीनं शिकवलं रे, सुभाष. पोरं पास झाली. पण बाजारात मी दिसले की गल्ली बदलतात. आता बघायचंय, न मारता शिकवता येतं का नाय. येत असंल, तर मग..." परातीला चिकटलेलं बोटानं पुसलं आणि मुन्शीपुढं धरलं.

मग मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्या भावाकडे, लासूर स्टेशनला निघाल्या. जाताना परातच माझ्या हातात दिली. "बाकी सगळं त्याला येतं. 'थांब' अजून कच्चं हाय. फाटकात उभं करायचं, तळवा दाखवायचा, थांबला की घास. रोज. समोर रस्ता हाय बाबा. दुसरं काही राहिलं तर राहू दे, हे नको."

पहिल्या सकाळी मी परात घेऊन बसलो. मुन्शी न सांगताच बसला आणि माझ्या हाताकडे बघत राहिला. मला ते बघवेना. आमच्या घरात जेवणाऱ्यापुढं भरलं ताट ठेवतात. आई सालगड्यालाही आधी पोटभर वाढायची, मग काम सांगायची. मला वाटलं, एवढी शिकलेली बाई मुक्या जिवाला भाकरीसाठी उठाबशा काढायला लावते. मी परात त्याच्यापुढं सरकवली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, परातीकडे पाहिलं, मग खाल्लं. मला फार बरं वाटलं. बाईंपेक्षा आपण दयाळू आहोत असं वाटलं, हेही लिहायला हवं. रोज तेच केलं. हळूहळू मुन्शी माझ्या हाताकडे बघेनासा झाला. हाक मारली तर नुसता कान हलवायचा. मी समजलो, पोट भरलंय, सुखात आहे.

बाई परतल्या तेव्हा रिक्षा रस्त्यापलीकडे थांबली. काळा चष्मा लावून त्या उतरत होत्या. त्यांना घ्यायला मीच फाटक उघडलं. मुन्शी त्यांना पाहून रस्त्याकडे धावला. त्यांनी येणारा टेम्पो पाहिला, तळवा वर केला आणि म्हणाल्या, "मुन्शी, थांब."

तो थांबला नाही.

टेम्पोवाल्यानं ब्रेक मारला म्हणून जीव वाचला. मागचा एक पाय गेला. शहरात जनावरांच्या डॉक्टरकडे बाकावर बसलो असताना बाईंनी विचारलं, "हातानंच दिलं ना रे?" तेव्हा मी ते उत्तर दिलं. त्यांनी मान हलवली. "मग माझ्यातच खोट."

संध्याकाळी कदम भेटायला आले. वाईट हेतू नव्हता. "जनावराला धाक लागतोच, बाई." बाईंनी पहिल्यांदाच त्यांना उलटून काही ऐकवलं नाही. दुसऱ्या सकाळी समोरून काठीचा आणि वाघ्याच्या केकाटण्याचा आवाज आला. बाई ओट्यावरच होत्या. उठल्या नाहीत. मुन्शीपुढं एक ताटली ठेवली आणि आत गेल्या.

पुढं घर विकून त्या मुन्शीला घेऊन लासूरलाच राहायला गेल्या. मी अधूनमधून जातो. कांद्याचं निमित्त काढतो, कधी कुणाच्या लग्नाचं. एसटीत सगळं वाक्य जुळवतो, आणि त्यांच्या अंगणात चप्पल काढली की कांद्याच्या भावाचंच बोलत बसतो. त्या चहा टाकतात, माझ्या पोरांची चौकशी करतात. मागच्या खेपेला म्हणाल्या, "शाळेतली पोरं आता भेटायला येतात अधूनमधून. वाटायचं, एकेकाची माफी मागावी. पण कशाची मागू? छडीच बरोबर व्हती म्हणायची."

एवढ्यात मुन्शी झोकांड्या देत आला. कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्या पहिल्या सकाळसारखा माझ्यासमोर बसला आणि माझ्या हाताकडे बघत राहिला.

"असा काय बघतोय रं?" बाई त्याला म्हणाल्या. "सुभाष, तुझ्यासमोर अजून बसतो बघ. माझ्यासमोर नाय बसत."

मी गाडीची वेळ झाली म्हणून उठलो. चहा अर्धा राहिला.

बाईंना मी एक वाक्य देणं लागतो, त्यांचे कान शाबूत आहेत तोवर, त्यांच्या अंगणात, कदमांना शेजारी बसवून: बाई, तुमची रीत चुकली नव्हती, मी ती पाळलीच नाही.