मम्मीवर मी घेतलेला आळ

"ओव्हन बंद आहे ना गं?"

मम्मी माझ्याशी शेवटचं बोलली ते एवढंच. मम्मी म्हणजे माझी सासू, नंदाखाल गावची मोनीबाय. हॉस्पिटलच्या खाटेवर होती, नाकात ऑक्सिजनची नळी, आवाज खोल गेलेला. तिने मनगट घट्ट धरलं तेव्हा मला वाटलं, काहीतरी मोठं सांगणार. नातीबद्दल, वाडीबद्दल... आणि तिने हे विचारलं. "बंद आहे, मम्मी. आठ महिने बंदच आहे," मी म्हणाले. जरा तुटकपणेच म्हणाले, कारण दिवसभरात तिने तेच चौथ्यांदा विचारलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नववीच्या वर्गावर बीजगणित शिकवत होते. शिपाई दाराशी येऊन उभा राहिला आणि त्याचा चेहरा बघूनच मी खडू खाली ठेवला.

मम्मीच्या मातीला सगळं गाव आलं. आमच्याकडे रडणंही होतं आणि बोलणंही होतं, आणि बोलण्यात सगळ्यांचा सूर एकच होता. शेवटी शेवटी विसरायला लागली होती बिचारी. हातून काही व्हायच्या आत देवाने नेली ते बरं. मीही मान हलवत होते. हलवणारच, कारण ही बातमी गावात मीच पसरवली होती. मम्मीला जाऊन आता सहा आठवडे झालेत, आणि ती बातमी खोटी होती हे मला कळून तीन. मुलांच्या वह्यांत लाल शाईने चुका दाखवण्यात माझी वीस वर्षं गेली. ही चूक माझ्या वहीतली आहे, म्हणून ती मीच सगळ्यांसमोर दाखवणार आहे.

माझं माहेर नायगावचं. आमच्या घरची बोली वेगळी, नंदाखालची वेगळी. बहिणींशी बोलताना मम्मी अशी काही सुटायची की मला निम्मं कळायचं नाही. म्हणून आम्ही दोघी एकमेकींशी साध्या मराठीत बोलायचो. पण लग्नानंतर महिन्याभरातच तिने मला 'अहो मम्मी' सोडायला लावलं. "तू म्हण. अहो म्हणालीस की मला फादरच घरात आल्यासारखे वाटतात," असं म्हणाली.

तेव्हा नाताळचा केक घरी भाजला जात नसे. मिश्रण घरी कालवायचं, पत्र्याच्या डब्यांत भरायचं, डब्यावर चिठ्ठी चिकटवायची आणि बेकरीच्या भट्टीवर नेऊन रांगेत उभं राहायचं. मम्मी रांगेत नुसती उभी राहात नसे. भट्टीवाल्याला ती सांगायची, अमकीचा डबा मागे आहे, तिचा करपेल, पुढे ओढ. लाकडाच्या धगीसमोर चाळीस नाताळ काढलेली बाई. आगीला ती घाबरत नव्हती, पण आगीशी सलगीही करत नव्हती. हे मला फार उशिरा कळलं.

सात वर्षांपूर्वी सायमनने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, स्वयंपाकघर नवं केलं. सातिवलीच्या एका कारखान्यात कपाटं बनवून घेतली आणि त्यात छातीच्या उंचीवर विजेचा ओव्हन बसवला. मम्मीचे गुडघे गेले होते, तिला वाकायला लागू नये म्हणून. ओव्हन बसवायला जो मिस्त्री आला होता त्याने दहा मिनिटं भराभर सूचना दिल्या. सायमन मोबाइलवर, मी वह्यांत. ऐकलं ते एकट्या मम्मीने. ह्याचा बटनाचा पॉइंट स्वतंत्र आहे, त्यावर मिक्सर-गीझर काही लावायचं नाही. पहिल्यांदा रिकामाच तापवायचा, खिडक्या उघड्या ठेवून. तळाला फॉइल अंथरायचं नाही. तापलेल्या काचेवर पाणी पडू द्यायचं नाही. दार उघडलं की त्यावर जड डबा टेकवायचा नाही. कपाटाच्या मागे आणि खाली हवेला जागा ठेवली आहे, ती बुजवायची नाही. शेवटी तिने त्याला सगळं पुन्हा म्हणून दाखवलं. माझ्या वर्गात अशी एक मुलगी असती तर मी पेढे वाटले असते.

त्यानंतर सहा वर्षं त्या ओव्हनवर तिचं राज्य होतं. तापवायच्या आधी दार उघडून आत हात फिरवायची, कारण माझ्या माहेरी ओव्हन म्हणजे तवे आणि प्लास्टिकचे डबे ठेवायचं कपाट होतं आणि ती सवय मी हुंड्यासारखी सोबत आणली होती. एकदा आत माझा चपात्यांचा डबा सापडला. तो तिने माझ्या उशीवर नेऊन ठेवला. ओल्या फडक्याने गरम ट्रे धरायला गेले तर हातावर चापट बसली. "ओलं फडकं वाफ धरतं. कोरडं घे, जाड घे." दार उघडताना बाजूला उभं राहायचं, आधी वाफ जाऊ द्यायची, मग तोंड पुढे करायचं. नातीला ओव्हनपासून दोन फरश्या लांब. भाजून झाल्यावरही आतला पंखा काही वेळ फिरत राहतो, तो आपोआप थांबेपर्यंत मेन बटन बंद करायचं नाही. तोवर ती स्टुलावर बसून जपमाळ ओढायची. धुणं-पुसणं पार गार झाल्यावर. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लेप द्यायची, रात्रभर ठेवायची, सकाळी मऊ फडक्याने काढायची. तारेची घासणी मी हातात घेतलेली दिसली की "काच आहे ती, कढई नाही," असं ऐकावं लागे. दाराच्या कडेचं रबर तर ती बाळाचे कान पुसावे तसं पुसायची.

मला राग यायचा. खोटं कशाला बोलू? दोन पदव्या घेतलेली बाई मी, आणि स्वयंपाकघरात मला पहिलीत बसवलेलं. सायमनला मी म्हणायचेसुद्धा, "तुझ्या आईला ओव्हन नाही, चर्चची वेदी मिळाली आहे."

आता एका गोणीबद्दल. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात उंदरांनी उच्छाद मांडला होता. घराला लागून केळीची वाडी, वाडीत पाणी भरलं की उंदीर घरात. एक ओव्हनच्या कपाटाखालच्या फटीतून येताना मी डोळ्यांनी पाहिला. मम्मी तेव्हा चार दिवस फिलूमावशीकडे, तिच्या धाकट्या बहिणीकडे गेली होती. मी पडवीतून खताची रिकामी गोणी आणली, ती विणलेल्या प्लास्टिकची असते तीच, आणि खालची जाळी सरकवून काठीने आत कोंबली. चांगली मागपर्यंत कोंबली. जाळी परत लावली, हात धुतले आणि वह्या तपासायला बसले. उंदीर यायचा बंद झाला. मम्मी परत आली तेव्हा तिला सांगायचं राहिलं. मग मीही विसरले. इतकी विसरले की पुढे सगळा प्रसंग घडला तेव्हाही मला ती गोणी आठवली नाही.

डिसेंबरचा दुसरा आठवडा. पावसाळ्यानंतर ओव्हन पहिल्यांदाच लागला होता, नाताळच्या केकसाठी. मी शाळेतून येत होते आणि फाटकातच जळक्या प्लास्टिकचा वास आला. आत पळाले. पडवीत माझी पाच वर्षांची पोर, रिया, एकटी उभी, पायात चपला, हातात मम्मीची जपमाळ. "आजीने सांगितलं, इथून हलायचं नाही," ती म्हणाली. स्वयंपाकघरात काळा धूर. छत दिसत नव्हतं. धुरात मम्मी भिंतीला पाठ लावून उभी, पदर नाकाला, ओव्हनवर डोळे. मी ओव्हनच्या दाराकडे झेपावले तशी ती ओरडली, "उघडू नकोस! मेन बंद केलाय. दार उघडू नकोस!" मी तिला दंडाला धरून ओढतच बाहेर आणली. धूर जायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं, रिया आत आहे आणि घर पेटलं आहे.

मग मी बोलले.

"आत काय ठेवलं होतंस?"

"केकचा डबा."

"आणि पिशवी? प्लास्टिक जळलंय, मम्मी. नाक आहे मला."

"मी आत बघितलं होतं. हात फिरवून बघितलं."

"बघितलं असतंस तर हे झालं असतं का? तुला आठवत नाही. पोर घरात होती, काही झालं असतं म्हणजे?"

ओव्हन गार झाल्यावर मी दार उघडलं, तर आत केकच्या डब्याशिवाय काही नव्हतं. एवढं पुरेसं होतं, नाही का? गणिताच्या बाईला एवढ्यावरून उलटं मोजता यायला हवं होतं. पण मी ठरवूनच टाकलं की पिशवी वितळून गेली असणार. रिया बाहेर होती, चपला घालून होती, मेन बंद होता, दार बंद होतं. धुरात घाबरलेल्या माणसाने जे जे करायला हवं ते सगळं त्या सत्तरीच्या बाईने केलं होतं, आणि मी तिला विसराळू ठरवलं.

सायमनशी बोलून आम्ही ओव्हनचं बटन बंद केलं आणि तिला सांगितलं, बिघडलाय, पार्ट मिळत नाही. मिस्त्रीला बोलावलंच नाही. बोलावून काय, आईचं वय झालंय हे त्याच्या तोंडून ऐकायचं? फिलूमावशीला मी फोनवर सांगितलं, लक्ष ठेवा, ती हल्ली विसरते. मावशीने आणखी दोघींना सांगितलं. त्या नाताळला केकचे डबे पुन्हा भट्टीवर गेले. ते मी नेले. मम्मी आली नाही. "तूच देऊन ये," म्हणाली.

सुरुवातीला तिने पार्टबद्दल दोनदा विचारलं, मग सोडून दिलं. पण दुसरं सुरू झालं. गॅसचं बटन बंद करायची, दारापर्यंत जायची, परत यायची, बघायची. "मी बंद केला ना गं?" नळ बंद केला ना? इस्त्री काढली ना? चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला निघालेली बाई फाटकातून परत फिरू लागली. वाटाण्याच्या भाजीत मीठ घालायची आणि मला चव बघायला लावायची, स्वतःच्या जिभेवरसुद्धा भरवसा राहिला नव्हता. रियाला एकटीने सांभाळायला ती नको म्हणू लागली. "तू घरात असशील तेव्हाच दे तिला माझ्याकडे... माझं काही खरं नाही," म्हणाली. मी सायमनला म्हणाले, बघ, मी म्हणत नव्हते? ती काही विसरत नव्हती. मी तिला सांगितलं होतं की तू विसरतेस, आणि शिकलेल्या सुनेचं म्हणणं तिने खरं मानलं होतं.

ती गेल्यानंतर तीन आठवड्यांनी मी मिस्त्रीला बोलावलं. ओव्हन काढून टाकावा, तिथे फळ्या लावून घ्याव्यात, असा विचार. त्याने स्क्रू काढले, ओव्हन पुढे ओढला, मागे टॉर्च मारला आणि म्हणाला, "मॅडम, ये क्या भरा है? हवाच जायला जागा नाही." हात घालून त्याने ओढून काढलं. काळा, वितळलेला, दगडासारखा गोळा. एका टोकाला मात्र थोडं विणकाम शाबूत होतं, हिरवी रेघ असलेलं. आमच्या वाडीतल्या खताच्या गोणीचं.

मी खाली फरशीवर बसले. मिस्त्रीला वाटलं मला चक्कर आली. तो समजावत होता की ओव्हन चांगला आहे, मागची वायर तेवढी बदलावी लागेल, ज्याने कोणी वेळेवर मेन बंद केला त्याने घर वाचवलं. "कोणी केला होता?" त्याने विचारलं.

सायमनला त्याच संध्याकाळी सांगितलं. तो पडवीत जाऊन बसला, जेवला नाही. पुढच्या आठवड्यात चर्चमध्ये मम्मीच्या महिन्याचा मिस्सा होता. मिस्सा झाल्यावर सगळे घरी आले, चहा झाला, आणि कुणीतरी पुन्हा तेच म्हणालं, शेवटी डोकं चालत नव्हतं हो तिचं. मी हातातला ट्रे टेबलावर ठेवला आणि उभी राहिले. उंदरापासून गोळ्यापर्यंत सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर मी फिलूमावशीकडे बघितलं. वाटलं, ती म्हणेल, जाऊ दे पोरी, तुला काय माहीत होतं.

मावशी उठली. माझ्यापेक्षा वीतभर बुटकी बाई, पण मला तिच्या नजरेला नजर देता येईना.

"आम्हांला कशाला सांगतेस?" ती म्हणाली. "तिला सांग. रात्रीची फोन करायची मला. म्हणायची, फिलू, माझं डोकं गेलं गं, मी पोरीला जाळलं असतं. रडायची. आठ महिने रडली ती. मी तरी काय, मी तिला सांगायची, वय झालं, चालायचंच..." मावशीने माझा हात धरला, मला स्वयंपाकघरात नेलं आणि ओव्हनसमोर उभं केलं. "इथे सांग. मोठ्याने सांग."

वीस माणसं दारात उभी होती. मी सांगितलं.

ओव्हन मी काढला नाही. वायर बदलली, मागची फट मोकळी केली, तिथे आता बारीक तारेची जाळी आहे, हवा जाईल आणि उंदीर जाणार नाही अशी. दहा मिनिटांचं काम होतं. रोज संध्याकाळी शाळेतून आले की मी कोरडं फडकं घेते, दाराच्या कडेचं रबर पुसते, आणि रिया आसपास असली तरी थांबत नाही, म्हणते, "मम्मी, गोणी मी कोंबली होती. तू काहीच विसरली नव्हतीस."